‘नाव काय म्हणालात?’ : सहकारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : धर्म, जात, भाषा किंवा आहार पाहून घर नाकारण्यास बंदी घालण्याबाबत

महोदय,



आपल्या खात्याचा पसारा मोठा. साखर कारखाने, जिल्हा बँका, गावोगावच्या विकास सोसायट्या, त्यांची कर्जं, त्यांच्या निवडणुका. गृहनिर्माण संस्थांचं जे काही आपल्या टेबलापर्यंत येत असेल ते गळती, पार्किंग, पुनर्विकास आणि थकलेला मेंटेनन्स याबद्दलचं असणार. मी ज्या गोष्टीबद्दल लिहितोय तिची फाईल आपल्याकडे नसेल, कारण ती कागदावर येतच नाही. महाराष्ट्रात माणसाला घर नाकारतात ते तोंडी.

पद्धत ठरलेली आहे. जाहिरात बघून फोन केला की एजंट आधी बजेट विचारतो, मग फॅमिली की बॅचलर, मग ‘व्हेज का नॉनव्हेज?’ आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं, ‘नाव काय म्हणालात?’ नाव मुसलमानाचं निघालं तर ‘ओनरला विचारून अर्ध्या तासात कळवतो’. तो अर्धा तास कधी संपत नाही. आडनावावरून जात कळत नसेल तर ‘गाव कुठलं तुमचं?’ येतं. एकटी राहणारी बाई असेल तर ‘मॅडम, घरचे कोणी नाहीत का?’ एजंटला तरी किती दोष द्यायचा? त्याला मालकाने सांगितलेलं असतं, मालकाला सोसायटीने, आणि सोसायटीत विचारावं तर उत्तर मिळतं की ‘जनरल बॉडीचं तसं मत आहे’. त्या जनरल बॉडीचा ठराव दाखवा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

मी काही काळ आमच्या सोसायटीच्या कमिटीवर खजिनदार होतो. एका सभासदाची बदली नागपूरला झाली आणि त्याने आपला फ्लॅट सरकारी रुग्णालयातल्या एका परिचारिकेला भाड्याने द्यायचं ठरवलं. तिचं ओळखपत्र, पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद, लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा, सगळं त्याने फाईलला लावून पाठवलं होतं. आडनाव शेख. त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये पंपाच्या मोटरच्या कोटेशनांवर पाऊण तास घासाघीस झाली. हा विषय पाच मिनिटांत आटोपला. एक जण म्हणाले, ‘माणसं चांगलीच असतात हो, पण उद्या पायंडा पडेल.’ दुसऱ्यांनी बकरी ईद काढली. तिसऱ्यांनी गणपतीत कसं होणार असं विचारलं. गणपतीचा आणि त्या बाईंचा संबंध काय ते काही त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, जे ठरतंय ते कारणासकट मिनिट्समध्ये लिहा. सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं. इतिवृत्तात नोंद झाली ती एवढीच : ‘भाडेकरूबाबत चर्चा झाली.’ सभासदाला फोनवर निरोप गेला, त्याने ‘आपणहून’ विचार बदलला, आणि तो फ्लॅट पुढे बरेच महिने कुलूपबंद राहिला.

सोसायटीचं नाव लिहीत नाही. ते लिहून काही साधणार नाही. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या निम्म्या वाचकांना आपलीच सोसायटी आठवली असेल.

आता त्या ‘चर्चा झाली’मागे आपल्या खात्याचा कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ खुल्या सभासदत्वाचं आहे : पात्र असलेल्या माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील आहे. कलम २२ त्याच्या पुढे जातं. अर्ज करून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. आपल्याच खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीचा ना-हरकत दाखला लागत नाही आणि भाड्याने द्यायला परवानगी लागत नाही, आधी कळवलं की पुरतं. म्हणजे आमच्या कमिटीपुढे तो विषय मंजुरीसाठी यायचंच कारण नव्हतं. पण ही सगळी कलमं मदतीला येतात ती ज्याने घर विकत घेतलंय त्याच्या. ज्याला मालकाने घर दाखवलंच नाही तो कुठल्या नकाराविरुद्ध अपील करणार? आणि भाडेकरू तर कलम २३ च्या उंबऱ्याबाहेरच उभा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि ती आपल्या विधी विभागाला चांगली ठाऊक असेल. अहमदाबादच्या झोरास्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या उपविधीत सभासदत्व फक्त पारशांना, अशी अट होती. तिथल्या एका पारशी सभासदालाच बंगला पाडून फ्लॅट बांधायचे होते आणि ते बाहेरच्यांना विकायचे होते. सोसायटीने अडवलं. गुजरात उच्च न्यायालयात सोसायटी हरली. सर्वोच्च न्यायालयात १५ एप्रिल २००५ रोजी जिंकली. न्यायालय म्हणालं ते थोडक्यात असं : संघटना स्थापण्याचा हक्क मूलभूत आहे, अनुच्छेद १५(१) सरकारला बांधतो, खाजगी लोकांच्या संस्थेला नाही, आणि सार्वजनिक धोरण शोधायचं ते सहकार कायद्याच्या आत शोधायला हवं. कायद्यातच अशा उपविधीला मनाई नसेल तर आम्ही ती बाहेरून आणणार नाही. बदल हवा असेल तर तो विधिमंडळाने करावा.

हा निकाल मला पटत नाही. पण त्यातलं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्यासारख्यांना उद्देशून आहे. न्यायालयाने चेंडू विधिमंडळाकडे टोलवला, त्याला दोन दशकं उलटली. सहकारी संस्था हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे, आणि जमीन व घरमालक-भाडेकरू संबंधही राज्यसूचीतच. दिल्लीकडे बोट दाखवायची सोय इथे नाही.

या वादात एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आपल्याकडे सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच जातीच्या आधाराने झाली. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ सालची. तिच्यामागे रावबहादूर तळमकींसारखी माणसं होती. नोकरीसाठी कारवार-मंगळूरकडून आलेल्या लोकांना मुंबईत परवडणारं, स्वच्छ घर हवं होतं आणि एकमेकांच्या कर्जाला जामीन राहायला ओळखीचेच लोक लागत. त्या काळी ती चूक होती असं मी म्हणणार नाही. पारशी बागा, ख्रिस्ती वसाहती यांची गोष्टही काहीशी तशीच. कित्येक ठिकाणी जमीनच धर्मादाय न्यासाची आहे. अशा जुन्या, लहान वसाहतींचं काय करायचं यावर वेगळी चर्चा होऊ शकते. पण आज जाहिरात देऊन, बँकेचं कर्ज दाखवून, वाढीव एफएसआय घेऊन, शेकडो फ्लॅटचे टॉवर विकणारा बिल्डर जेव्हा ‘ओन्ली व्हेज कम्युनिटी’ म्हणतो, तेव्हा तो तळमकींच्या पंगतीत बसत नाही. तो दुकान मांडून बसलेला असतो.

दुकान म्हणताना मला घटना समितीतला एक दिवस आठवतो. २९ नोव्हेंबर १९४८. त्या दिवशी दोन अनुच्छेद सभागृहापुढे होते : अस्पृश्यता नष्ट करणारा, जो आज १७ आहे, आणि भेदभावाला मनाई करणारा, जो आज १५ आहे. १५ च्या दुसऱ्या भागात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते असे शब्द आहेत, आणि तिथे बंधन फक्त सरकारवर नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकावर या ठिकाणी अटी लादता येणार नाहीत, अटी लादणारा कोणीही असो. सदस्यांनी विचारलं की यात न्हाव्याचं दुकान येतं का, धोब्याचं येतं का, डॉक्टरचं येतं का. बाबासाहेबांचं उत्तर आपल्या विधी विभागाने पुन्हा काढून वाचावं. जो माणूस आपली सेवा लोकांपुढे मांडून बसलाय आणि येईल त्याला ती द्यायला तयार आहे, त्याची जागा म्हणजे दुकान, असा त्याचा आशय. आत पाऊल टाकू दिलं की झालं असं नाही. इतरांना ज्या अटींवर सेवा मिळते त्याच अटींवर ती मिळाली पाहिजे. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ घेतला आणि खाजगी शिक्षणसंस्था त्यात बसवल्या. मग बिल्डरचं सेल्स ऑफिस कसं बाहेर राहतं? इस्टेट एजंटचं दुकान, ज्यावर पाटीच दुकानाची असते, ते कसं?

या प्रश्नाला महाराष्ट्राची स्वतःची वंशावळ आहे. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक खर्चाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्यावर पाणी प्यायले, त्यानंतर मारहाण झाली, आणि तळं शेणामुताच्या घागरी ओतून ‘शुद्ध’ करण्यात आलं. आपल्याला शाळेत इथपर्यंत शिकवतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. सवर्ण मंडळी कोर्टात गेली आणि म्हणाली की हे तळं खाजगी आहे, आणि त्याचा वापर आमच्यापुरता ठेवण्याची वहिवाट आहे. मनाई हुकूम मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अखेर अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे पाण्याच्या ओंजळीनंतर दहा वर्षांनी. धर्म आणि खाजगी मालकी, हे दोन मुद्दे तेव्हाही जोडीने आले होते. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेच दोन मुद्दे, जरा इस्त्री केलेल्या भाषेत, पुन्हा येतात : ‘आमच्या धार्मिक भावना’ आणि ‘शेवटी प्रॉपर्टी त्याची आहे’.

धार्मिक भावनेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. माझे शेजारी जैन आहेत. चातुर्मासात सूर्य मावळायच्या आत त्यांची पानं वाढली जातात. बटाटा-कांदा घरात येत नाही. पर्युषणातले त्यांचे उपवास बघून मला माझ्या एकादशीच्या साबुदाण्याची लाज वाटते. ही निष्ठा खरी आहे आणि तिला कायद्याने हात लावू नये. पण ती निष्ठा त्यांनी स्वतःवर घातलेली आहे. वरच्या मजल्यावर कोण राहील, त्याच्या कढईत काय शिजेल, हे ठरवण्याचा अधिकार तिच्यातून निघत नाही. घटनेचा अनुच्छेद २५ श्रद्धेचं आणि आचरणाचं स्वातंत्र्य देतो, तेही ‘या भागातील इतर तरतुदींच्या अधीन’ राहून. आणि त्या इतर तरतुदींत १५(२) आणि १७ दोन्ही आहेत. वासाचं म्हणाल तर वास येतो. सुका बोंबील भाजला की चार मजल्यांना कळतं. त्यासाठी ओला कचरा बांधून द्या, जिन्यात काही ठेवू नका, चिमणी बसवा, असे नियम सोसायटीने जरूर करावेत. ते नियम सगळ्यांना सारखे लागू करता येतात आणि मोडले तर दंडही करता येतो. बोंबलाच्या वासावर उपाय म्हणून कोळ्यांनाच मुंबईत घर नाकारणं याला नियम म्हणत नाहीत.

शिवाय ‘व्हेज’ ही अट किती वेळा खरी असते? खरी असती तर शाकाहारी मुसलमानाला घर मिळालं असतं, आणि सीकेपी कुटुंबाला रविवारच्या मटणाबद्दल कोणीतरी विचारलं असतं. आमच्या इमारतीत तरी रविवारी सकाळी काळ्या पिशव्या लिफ्टमधूनच वर जातात. ज्या माणसाला स्वतःच्या तोंडाने धर्म किंवा जात काढायची लाज वाटते, त्याला आहार हा सोयीचा आडपडदा आहे. म्हणून कायद्यात धर्म आणि जात एवढंच लिहून भागणार नाही, आहारही लिहावा लागेल.

हा पेच फक्त आपला नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं आणि खाणावळी सर्वांना खुल्या केल्या, तेव्हा दक्षिण कॅरोलिनातल्या ‘पिगी पार्क’ नावाच्या बार्बेक्यू खाणावळींचा मालक मॉरिस बेसिंजर कोर्टात म्हणाला की कृष्णवर्णीयांना इतरांबरोबर जेवायला वाढणं माझ्या धर्माविरुद्ध, ईश्वरी इच्छेविरुद्ध आहे. १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा एका तळटीपेत निकालात काढला. वादापुरताही तो टिकत नाही, असं म्हणून. आज त्या तळटीपेचं कुणाला नवल वाटत नाही. त्याच देशात २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या एका बेकरीवाल्याने दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करून द्यायला नकार दिला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बेकरीवाला जिंकला. का जिंकला ते बघण्यासारखं आहे. दुकानदाराला धर्माच्या नावाने गिऱ्हाईक नाकारता येतं, असं न्यायालय म्हणालं नाही. राज्याच्या नागरी हक्क आयोगातल्या काही सदस्यांनी सुनावणीत त्याच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेने बोलून निःपक्षपातीपणा सोडला, म्हणून आयोगाचा निर्णय रद्द झाला. आपल्या उपनिबंधकांना हा धडा पहिल्याच दिवशी द्यायला हवा. जैन आजोबांची किंवा मौलवींची टिंगल न करता त्यांना ‘हे कायद्यात बसत नाही’ असं सांगता आलं पाहिजे. नाही तर कायदाच कोर्टात पडेल.

बेलफास्टच्या अॅशर्स बेकरीचा खटला याहून बारीक होता. समलिंगी विवाहाचा पुरस्कार करणारी ओळ केकवर लिहायला त्यांनी नकार दिला. ब्रिटिश सर्वोच्च न्यायालय २०१८ मध्ये म्हणालं की त्यांनी माणूस नाकारला नाही, मजकूर नाकारला. हा फरक मला मान्य आहे. कोणाकडून त्याच्या मनाविरुद्ध घोषणा लिहून घेऊ नये. पण वन-बीएचके भाड्याने देणं ही घोषणा नाही. तिथे नाकारला जातो तो माणूसच.

गेल्या काही वर्षांत आपण मराठी माणसांनीही हा अनुभव घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना, मराठी आहे म्हणून, ऑफिससाठी जागा नाकारली गेल्याचा व्हिडिओ फिरला आणि महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवा होता. पण त्यानंतरची मागणी काय होती? नव्या इमारतींत काही टक्के घरं मराठी माणसांसाठी राखीव. मला ही मागणी समजते, पटत नाही. राखीव टक्क्याबाहेरच्या घरांवर बिल्डरला मनासारखं वागायची मुभाच त्यातून मिळते. आणि रत्नागिरीहून आलेला, पिढ्यान् पिढ्या घरात कोकणी-मराठी बोलणारा मुसलमान त्या टक्क्यात बसतो का, हा प्रश्न विचारला की सभागृहात एकदम खोकला सुरू होईल. मुलुंडच्या बाईंवर झाला तोच अन्याय शेखबाईंवर झाला. एकीसाठी मोर्चा आणि दुसरीसाठी ‘चर्चा झाली’, असं चालणार नाही. दोघींना एकच कायदा हवा.

असा कायदा भारतात नवलाईचा नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, दोन्हींत घर विकत घेणं, भाड्याने घेणं, राहणं यात भेदभाव करायला मनाई आहे, आणि ती खाजगी माणसालाही लागू आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणाने एखाद्याला कुठल्याही वस्तीत घर बांधू, घेऊ किंवा राहू न देणं हा गुन्हा ठरवतं. म्हणजे आज या राज्यात एचआयव्हीची लागण आहे म्हणून कोणाला घर नाकारणं बेकायदा आहे, आणि नाव सलीम आहे म्हणून नाकारायला कोणताही कायदा स्पष्टपणे आड येत नाही. २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच. तो जातपंचायतींसाठी केला, त्याचा रोख आपल्याच समाजाने आपल्या माणसाला वाळीत टाकण्यावर आहे. परक्याला दारातून परत पाठवण्यावर नाही. ती उणीव भरून काढायची आहे.

विधी विभागातलं कोणी १९६२ चा निकाल काढेल, ज्यात दाऊदी बोहरा धर्मगुरूंचा बहिष्काराचा अधिकार धर्माचा अंतर्गत व्यवहार मानून मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा रद्द झाला होता. तो निकाल बरोबर होता की नाही, हा प्रश्न आता सर्वोच्च न्यायालयातच मोठ्या पीठाकडे गेला आहे. पण फ्लॅटची विक्री हा कुठल्याच धर्माचा अंतर्गत व्यवहार नाही. त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

मग काय करायचं? पहिलं पाऊल आपल्या एकट्याच्या सहीने होऊ शकतं. अधिनियमाच्या कलम ७९अ खाली सरकारला लोकहितार्थ संस्थांना आदेश देता येतात. ऑगस्ट २००१ मध्ये याच कलमाने शासनाने फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर आणून ठेवलं. त्याआधी सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावत. बड्या सोसायट्या कोर्टात गेल्या आणि उच्च न्यायालयाने २००७ मध्ये आदेश उचलून धरला. हस्तांतरण शुल्काला २५ हजारांची कमाल मर्यादाही त्याच महिन्यातली. सोसायटी भाडेकरूमागे किती रुपये घेऊ शकते हे ठरवणारं सरकार, भाडेकरूला का नाकारू शकत नाही हेही ठरवू शकतं. आदेशात लिहा की धर्म, जात, भाषा, मूळ गाव, वैवाहिक स्थिती किंवा आहार यावरून विक्री वा भाडेकरार अडवणारा कोणताही ठराव, परिपत्रक किंवा तोंडी सूचना रद्दबातल आहे. आणि संस्थेची काही हरकत असेल तर ती कारणासह, लेखी, ठरावीक दिवसांत द्यावी लागेल. लेखीचा आग्रह मी उगाच धरत नाही. आमच्या सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं ते कायदा ठाऊक होता म्हणूनच.

दुसरं पाऊल विधेयकाचं. ते बिल्डर, एजंट, जाहिरातीची संकेतस्थळं आणि व्यवसाय म्हणून घर भाड्याने देणारा मालक या सगळ्यांना लागू हवं. स्वतः राहत असलेल्या घरातली खोली देणाऱ्याला मात्र वगळा. ज्या आजीबाई आपल्या स्वयंपाकघरात पेइंग गेस्टला ओटा देतात, त्यांनी तिथे मासे शिजू नयेत म्हटलं तर कायद्याने नाक खुपसू नये. अमेरिकेच्या १९६८ च्या घरविषयक कायद्यातही चार बिऱ्हाडांपर्यंतच्या, मालक स्वतः राहत असलेल्या इमारतीला अशी सूट आहे. तुरुंगाची भाषा शक्यतो टाळा. शेजाऱ्याला आत टाकण्यासाठी कोणी पोलीस ठाण्यात जात नाही आणि गेलं तर पोलीस समजूत घालून परत पाठवतात. नुकसानभरपाई ठेवा, ती लवकर मिळेल असं बघा, आणि वारंवार तक्रार येणाऱ्या एजंटची महारेराची नोंदणी जाईल अशी तरतूद करा.

राहिला पुराव्याचा प्रश्न, जो सगळ्यात अवघड म्हणून पुढे केला जाईल. त्याचीही उत्तरं तयार आहेत. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये, अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य झालं तर ते अस्पृश्यतेच्याच कारणाने झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे दुसऱ्याने सिद्ध करायचं. तेच सूत्र इथे घ्या. आणि अमेरिकेत हक्क-संघटना एक साधी चाचणी करतात : एकाच जाहिरातीवर आधी एक माणूस चौकशी करतो, मग दुसरा, उत्पन्न-कुटुंब सारखं, फक्त वंश वेगळा. व्हर्जिनियातल्या रिचमंडमधल्या एका रिअल्टी कंपनीने कृष्णवर्णीय चौकशीकर्तीला ‘घर नाही’ आणि गोऱ्या चौकशीकर्त्याला ‘आहे’ सांगितलं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती बाई खरं घर घ्यायला आली नव्हती तरी, खोटी माहिती मिळाल्याबद्दल तिला दावा करता येतो असं मान्य केलं. आपल्याकडे याला दोन मोबाईल आणि एक दुपार पुरेल. अशी चाचणी पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाईल, एवढं एक वाक्य विधेयकात घाला. एजंटांची प्रश्नांची यादी आपोआप छोटी होईल.

सहकाराचं पहिलं तत्त्व ऐच्छिक आणि खुलं सभासदत्व हे आहे. आंतरराष्ट्रीय सहकारी महासंघाने १९९५ मध्ये ते पुन्हा लिहून काढलं तेव्हा लिंग, सामाजिक स्थान, वंश, राजकीय मत आणि धर्म यांवरून भेद होणार नाही असं त्यात स्पष्ट म्हटलं. सहकाराचा अभिमान मिरवणाऱ्या राज्यात ही ओळ गृहनिर्माण संस्थांच्या उपविधीत ठळक अक्षरांत हवी.

विधेयकाला अधिवेशन लागेल, समित्या लागतील, मतांची गणितं मांडली जातील. मी त्याची वाट पाहीन. कलम ७९अ च्या आदेशाला यातलं काहीच लागत नाही. तो येत्या महिन्यात काढावा, आणि प्रत्येक उपनिबंधक कार्यालयातून प्रत्येक नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर मराठीत लावून घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद,
ठाणे